तपकिरीची चिनी कुपी

अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी जतन करून ठेवलेली आहे. तिच्यावर पंचीकरणाचें विवेचन लिहिलेलें आहे. म्हणूनच एक जाडेंभरडें वस्त्र पिढ्यान् पिढ्या सांभाळलें गेलें. वस्तूचा नित्याचा उपयोग संपला, तरी तिच्यांतील विद्या संपत नाहीं. चीन देशांतील तपकिरीच्या कुप्यांचा संग्रहही याच दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

महाराष्ट्रांत तपकीर डबींत ठेवीत. चीनमध्यें ती चिमुकल्या कुपींत ठेवीत. घट्ट बुचामुळें दमट हवेपासून तिचें रक्षण होई, आणि बुचालाच बारीक चमचा जोडलेला असे. सतराव्या शतकांत युरोपीय लोकांनीं तेथें तपकीर नेली. धातूवर मिन्याचीं चित्रें काढण्याची त्यांची कलाही कांगशी बादशहास आवडली व त्यानें राजवाड्यांतच तिचा कारखाना उघडला. तांब्याच्या कुपीवर प्रथम पांढऱ्या मिन्याचा थर देऊन ती भट्टींत भाजावयाची. मग त्यावर फुलें, पक्षी, माणसें रंगवून पुन्हा भाजावयाची. मिना म्हणजे वितळलेली कांचच. आंच किंचित् अधिक झाली कीं सारें चित्र बिघडे. गुलाबी रंगांत तर सोन्याचा अंश असे.

च्यनलुंग बादशहाच्या कारकीर्दींत, १७३६ ते १७९५ या काळांत, या कलेस बहर आला. त्याची चार अक्षरी मुद्रा कुपीच्या तळाशीं आढळते. परंतु केवळ मुद्रेवर भिस्त ठेवणारा संग्राहक फसतो; कारण पुढील कारागिरांनीं तीच मुद्रा नव्या कुप्यांवरही घातली. म्हणून तडे, उडालेले टवके, मागाहून रंग भरलेल्या जागा भिंगाखालीं तपासाव्या लागतात, आणि वस्तु कोणाकडून कोणाकडे आली याचीं टिपणें जपावीं लागतात.

एवढें करूनही संग्राहकाच्या पश्चात् संग्रहाचें काय, हा खरा प्रश्न उरतोच. अंबाजोगाई पूर्वी ज्या हैदराबाद संस्थानांत होती, तेथील नबाब तिसरे सालारजंग यांच्या अफाट संग्रहांत चिनी कुप्याही आहेत. १९४९ सालीं ते अविवाहित वारले. सारें विखुरण्याचें भय होतें; पण १९५१ सालीं तो संग्रह लोकांस खुला झाला, आणि १९६१ च्या कायद्यानें तें संग्रहालय राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरलें. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयासही सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांचे चिनी कलावस्तूंचे संग्रह असेच लाभले.

ज्यांच्या घरीं एखादी जुनी कुपी, अत्तरदाणी वा तपकिरीची डबी असेल, त्यांनीं ती घांसूनपुसून लख्ख करण्यापूर्वी ती कोणाची व कोठून आली, हें चिठ्ठीवर लिहून ठेवावें. पुढची पिढी ती मोडींत घालील कीं सांभाळील, हें पुष्कळदां त्या चार ओळींवरच ठरतें.