गोवा आणि आफ्रिका : एकाच शृंखलेच्या दोन कड्या
(शहादा येथील व्याख्यान)

परकीय सत्तेची गोळी काय असते, हे शहादेकरांना ग्रंथांतून शिकावे लागत नाही. शेजारच्या नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती हुतात्मा झाले. शिरीषकुमार तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता. पाच वर्षांत इंग्रज गेले. पोर्तुगीज मात्र गोव्यात ठाण मांडून राहिले.

लिस्बनच्या सालाझारने १९५१ मध्ये एक युक्ती केली. घटनेत दुरुस्ती करून 'वसाहत' हा शब्दच काढून टाकला. गोवा, अंगोला, मोझांबिक, गिनी हे म्हणे पोर्तुगालचे सागरपार प्रांत! नाव पालटले, बेडी तीच राहिली. १९५४ च्या फेब्रुवारीत म्हापशातील एका मेजवानीत गोवा म्हणजे पोर्तुगालच, असे कोणी बोलताच डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी उभे राहून निषेध केला. तेवढ्या एका शब्दासाठी या शल्यविशारदाला अटक करून पोर्तुगालला नेण्यात आले.

त्याच वर्षी २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्या तुकड्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते; गाणारा आणि इतिहास सांगणारा, दोघेही इतिहास घडवायला गेले होते. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक जण धारातीर्थी पडले. त्यानंतर दिल्लीने सत्याग्रह थांबविला आणि सहा वर्षे गोमंतकाने वाट पाहिली. हा विलंब क्लेशकारक होता, हे स्पष्टपणे म्हटलेच पाहिजे.

या प्रतीक्षेच्या अखेरच्या वर्षी, १९६१ च्या प्रारंभी, अंगोलात उठावाचा वणवा पेटला. ऑक्टोबरात दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींविषयी परिसंवाद भरला. भारताने गोव्यात पाऊल उचलले तर आमचाही दिवस जवळ येईल, असा आफ्रिकी प्रतिनिधींचा आग्रह होता. डिसेंबरात भारतीय सेना निघाली. सालाझारचा आदेश अखेरपर्यंत लढण्याचा होता. तरीही १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा शरण आला आणि ४५१ वर्षांची राजवट संपली.

सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताविरुद्ध ठराव आणला. सोव्हिएत नकाराधिकाराने तो फेटाळला गेला, एवढेच आपण सांगत आलो. त्या ठरावाविरुद्ध मते एकूण चार होती : सोव्हिएत संघ, श्रीलंका, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे प्रामुख्याने इजिप्त) आणि लायबेरिया. चारांतले दोन हात आफ्रिकेचे होते. आपल्या किती पाठ्यपुस्तकांत लायबेरियाचे नाव येते?

या उपकाराची परतफेड पुढे झाली, पण उलट्या दिशेने. आफ्रिकेने आपल्यावर आणखी एक ऋण चढविले. पोर्तुगालने गोवा गेल्याचे मान्यच केले नव्हते. मोहन रानडे १९६९ च्या जानेवारीपर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते, गोवा मुक्त होऊन सात वर्षे लोटल्यानंतरही! गिनीत १९६३ पासून, मोझांबिकमध्ये १९६४ पासून सशस्त्र लढा चालला. १९६९ मध्ये मोंडलेन बाँबने मारले गेले, १९७३ मध्ये काब्राल यांची हत्या झाली, तरी लढा थांबला नाही. या न संपणाऱ्या युद्धाला कंटाळलेल्या पोर्तुगीज सेनाधिकाऱ्यांनीच २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनची हुकूमशाही उलथविली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करारान्वये मान्य केले. १९७५ मध्ये मोझांबिक व अंगोला स्वतंत्र झाले; अल्पसंख्य गोऱ्यांच्या राजवटी ऱ्होडेशियात १९८० मध्ये, दक्षिण आफ्रिकेत १९९४ मध्ये संपल्या.

या लढ्यात गोमंतकीयही होते. नैरोबीत जन्मलेले पिओ गामा पिंटो केन्यासाठी स्थानबद्धतेत राहिले आणि स्वतंत्र केन्यातच १९६५ मध्ये त्यांची हत्या झाली. गोव्यात जन्मलेले आकीनु द ब्रागांसा मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे सल्लागार होते. १९ ऑक्टोबर १९८६ च्या रात्री माशेल यांचे विमान कोसळले, तेव्हा तेही त्याच विमानात होते.