कोपरा



परवा संकेश्वरात दाढी-कटिंगला बसलो होतो. वस्तऱ्यात अर्धं पातं सरकवत कारागिरानं नेहमीचं विचारलं, "गुरुजी, कल्ले कुठपर्यंत ठेवू?" आपण बोटानं दाखवतो आणि विषय संपतो. यहुदी माणसासाठी मात्र हा धर्मग्रंथाचा प्रश्न आहे.

बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात 27वं वचन आहे. डोक्याचे कोपरे गोल कापू नयेत, दाढीचे कोपरे नासवू नयेत, एवढीच आज्ञा. पण डोक्याला कोपरा कुठला? आणि नासवणं म्हणजे काय? धर्मपंडितांनी कोपरा म्हणजे कानशिलावरचे केस असं ठरवलं. दाढीला पाच कोपरे मोजले. पुढं 21व्या अध्यायात याजकांसाठी तशीच आज्ञा आहे, पण तिथं शब्द भादरण्याचा आहे. दोन्ही वचनं त्यांनी शेजारी ठेवून वाचली. मनाई आहे ती भादरणंही असेल आणि मुळापासून नासवणंही असेल अशाच कृतीला. चिमट्यानं केस मुळासकट निघतो, पण ते भादरणं नव्हे. कात्री भादरते, पण खुंट ठेवते. दोन्ही करतो तो फक्त वस्तरा. म्हणून दाढीला वस्तरा वर्ज्य, कात्री चालेल. आज विजेच्या यंत्राचं पातं कातडीला टेकतं का, यावर तितक्याच मनापासून चर्चा चालते.

मला हे वाचन फार मोलाचं वाटतं. केसांचा अर्थ लावताना माणूस कुठं जाऊ शकतो, हे सौंदत्तीच्या देवीच्या वाटेवरच्या आपल्या भागाला ठाऊक आहे. डोक्यात जट आली, म्हणजे देवीचं बोलावणं आलं, एवढ्यावरून आपल्याकडं मुली देवीला सोडल्या गेल्या. त्या पोरींच्या बाजूनं शब्दाचा कीस काढणारं कुणी तेव्हा हवं होतं.

कोपऱ्यासाठी हिब्रू शब्द आहे 'पेआ'. त्याच अध्यायात, 9व्या वचनात, तोच शब्द शेतासाठी येतो: कापणी करताना शेताचा कोपरा राखा, सरवाही वेचू नका, तो गरिबाचा आणि परक्याचा. शाळू काढल्यावर आपल्या रानात सरवा वेचायला बायका येतात, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि यहुदी धर्माचं हे पालन मराठीतही झालंय. कोकणातले बेने इस्राएल हे यहुदी. ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत. लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी त्यांचा इतिहास लिहिला, तो 1937 साली छापून आला. त्यात नाजीराच्या नवसाची हकिगत आहे. मूल होत नसलेली बाई नवस बोले: मुलगा झाला तर सहा-सात वर्षं त्याच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. बायबलातल्या हन्नानं शमुवेलासाठी असाच नवस केला होता.

आपल्याकडं जावळ काढताना पोरगं मामाच्या मांडीवर रडतं. बेने इस्राएल हा नवस फेडताना तराजू आणत. एका पारड्यात त्या पोराचे केस, दुसऱ्यात सोन्याची नाही तर चांदीची नाणी. काटा जुळला की केस पाण्यात सोडत किंवा पुरत, आणि नाणी दानपेटीत टाकत.