आजोबांची पॉइंट टू टू

कॉलेजात ज्यांनी एनसीसी केली त्यांना ‘पॉइंट टू टू’ बंदूक म्हणजे काय हे सांगायला नको. जमिनीवर पालथं पडायचं, दस्ता खांद्याला घट्ट लावायचा, श्वास रोखायचा आणि हलकेच चाप ओढायचा. अमेरिकेत, विशेषतः शेतीवाडीच्या भागात, हीच पॉइंट टू टू घरची वस्तू असते. ससे-खारी मारायला, रिकामे डबे उडवायला. आजोबांकडून बापाकडे, बापाकडून मुलाकडे किंवा मुलीकडे जाणारी. आणि जुनी चांगली की नवी, हा वाद तिथे कधी संपत नाही.

वादातली गंमत अशी, की जुन्या-नव्या दोघींचं काडतूस बहुधा एकच. त्याला बुडाशी वेगळी टोपी नसते. पितळी पुंगळीच्या दुमडलेल्या कडेतच पेट घेणारं रसायन भरलेलं असतं आणि बंदुकीची सुई त्या कडेवर आदळते. हेच ते रिमफायर. आज सर्रास मिळणारं ‘लाँग रायफल’ काडतूस १८८७ सालचं. त्याची गोळी तेव्हा ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची होती; आजही बहुधा तेवढीच असते. तेव्हा तुलना करायची ती मुख्यतः बंदुकीची.

जुन्याचे भक्त म्हणतात, पूर्वीचं काम काय सांगावं! अखंड पोलादातून कोरलेली घडण, अक्रोडाचा दस्ता. विंचेस्टर कंपनीची ‘मॉडेल ५२’ पाहिली तर हे पटतंही. पण ती तेव्हाही महागडी, स्पर्धेत उतरणाऱ्यांची बंदूक होती. सामान्य शेतकरी घेई ती साधी, एकबारी, ओबडधोबड. तिचा चाप जड आणि नेम धरायची पट्टी पत्र्याची. त्यातल्या कितीतरी गंजून भंगारात गेल्या. चांगल्या तेवढ्या जपल्या गेल्या आणि आपण समजतो, सगळ्याच तशा होत्या.

गंजण्याचंही कारण आहे. जुन्या काडतुसांतल्या रसायनाने नळीत क्षार उरायचा, तो हवेतला ओलावा ओढायचा, आणि त्याच संध्याकाळी नळी धुतली नाही तर आत खड्डे पडायचे. १९२६ साली रेमिंग्टन कंपनीने ‘क्लीनबोअर’ नावाची न गंजवणारी काडतुसं काढली, तेव्हा कुठे हा जाच सुटू लागला. म्हणून त्याआधीची वारशाची बंदूक हाती आली, तर आधी नळी उजेडाकडे धरून आतून पाहावी. लाकडाची चमक नंतर.

दुसरी अडचण, काही जुन्या बंदुकांच्या काडतुसाची. जॉन ब्राउनिंग यांच्या डोक्यातून निघालेली विंचेस्टरची ‘१८९०’ जत्रेतल्या नेमबाजीच्या दुकानांतून गाजली. तिची प्रत्येक बंदूक एकाच जातीच्या काडतुसासाठी बनायची. ‘शॉर्ट’ या आखूड काडतुसासाठीच्या बंदुकीत ‘लाँग रायफल’ चालत नाही. ‘१९०३’ या अर्धस्वयंचलित बंदुकीला तर कंपनीने स्वतंत्रच काडतूस दिलं होतं. १९०७ मध्ये नेमबाज अ‍ॅड टॉपरवाइन यांनी याच बंदुकीने हवेत उडवलेल्या ७२,५०० ठोकळ्यांवर नेम धरला आणि फक्त ९ चुकवले. आज तीच बंदूक खुंटीवर असते, कारण तिचं काडतूस शोधावं लागतं.

आता नव्याकडे. १९६४ मध्ये आलेल्या ‘रुगर १०/२२’ची नळी दोन स्क्रूंवर बसते, घरच्या टेबलावर बदलता येते. जुन्या बंदुकीसाठी त्याच कामाला कारागीर गाठावा लागे. दुर्बीण बसवायची सोयही तयार. आणि नेमाचं म्हणाल, तर आजची मध्यम किमतीची नवी बंदूक आजोबांच्या साध्या बंदुकीला बहुधा मागे टाकते. ‘लाँग रायफल’ काडतुसाची खरी ताकद पाहायची तर आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांच्याकडे पाहा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये त्यांना कांस्यपदक मिळालं, ते याच काडतुसावर. तिथे दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं.

एका बाबतीत मात्र मी जुन्याच्या बाजूचा. विंचेस्टरच्या ‘मॉडेल ६७’मध्ये बोल्ट बंद केला तरी बंदूक झाडायला तयार होत नसे, मागची मूठ हाताने वेगळी ओढावी लागे. पोराच्या हाती पहिली बंदूक देताना हा थांबा मोलाचा. मुलांसाठीच्या ‘क्रिकेट’ या आजच्या बंदुकीत तो मुद्दाम ठेवलाय. सॅव्हेज कंपनीची ‘रास्कल’ मात्र बोल्ट फिरवला की तयार. चाप तिचा सुरेख आहे, पण आठ-नऊ वर्षांच्या पोरासाठी मी ‘क्रिकेट’च निवडेन.

आणि प्लॅस्टिकला नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रेमिंग्टनची ‘नायलॉन ६६’ १९५९ सालची, दस्ता ड्यूपाँटच्या नायलॉनचा. दहा लाखांहून अधिक विकल्या गेल्या. तेव्हा तिला खेळणं म्हणून हिणवणारे होते. आज नातवंडं तिला आजोबांची बंदूक म्हणून कपाटात जपतात, आणि जुन्या बाजारात तिला भावही चांगला येतो.