बॅटरी आहे, वेळ कुठे आहे?

आईच्या दुधाचे गुण सांगण्यात मी आजची संध्याकाळ घालवणार नाही. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको, पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं आणि त्यानंतरही ते चालू ठेवावं, हे या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलं आहे. मला बोलायचं आहे ते बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्या बाईच्या पर्समधल्या एका यंत्राबद्दल. तळहातावर मावणारा, चार्ज करून कुठेही नेता येणारा, काही प्रकारांत तर कपड्यांच्या आत बसवता येणारा हा दूध काढण्याचा पंप. मघाशी विषयाचं नाव पुकारलं तेव्हा उजवीकडच्या रांगांतून हसू उमटलं. मला त्याचा राग नाही. पण त्याच संकोचामुळे ही बाई साहेबांकडे अर्धा तास मागायला जाऊ शकत नाही, आणि माझं म्हणणं नेमकं त्या अर्ध्या तासाबद्दल आहे. या पंपाने भिंतीतल्या प्लगची गरज संपवली, वेळेची गरज मात्र संपवलेली नाही. उलट तो इतका लहान आणि शांत झाला आहे, की वेळ देण्याची जबाबदारी ज्यांची आहे त्यांना ती आता दिसेनाशी झाली आहे.

दूध कसं येतं ते थोडक्यात पाहू, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. बाळ चोखू लागलं की त्याची जाणीव आईच्या मेंदूपर्यंत जाते, ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येतं, दुधाच्या ग्रंथींभोवतालच्या पेशी आकुंचन पावतात आणि पान्हा फुटतो. पंप हेच घडवून आणू पाहतो. म्हणून चांगल्या पंपात आधी हलकी, भरभर ओढ असते आणि दूध वाहू लागलं की संथ, खोल ओढ सुरू होते. पण ताण, घाई, दारावर कुणीतरी टकटक करील ही धास्ती, यांनी ऑक्सिटोसिन आखडतं आणि यंत्र चालू असूनही पान्हा फुटत नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. छाती जितकी रिकामी होते तितकं नवं दूध तयार होतं, आणि दूध साचून राहिलं की ते कमी करण्याचा निरोप शरीर स्वतःलाच देतं. एखादी खेप चुकली तर गाठी, ठणका, कधी ताप. रोज चुकत गेली तर दूध आटतं. लहान बाळाची आई आठ-नऊ तास घराबाहेर राहिली तर साधारण दर तीन तासांनी दूध काढावं लागतं. दोन्ही बाजूंना मिळून पंधरा-वीस मिनिटं, आणि हात धुणं, भाग जोडणं, दूध नीट बंद करून ठेवणं, पुन्हा सगळं धुणं धरलं तर अर्धा तास. बॅटरी कितीही चांगली असली तरी यातलं एक मिनिटही कमी होत नाही.

हे यंत्र आलं कुठून, तेही सांगायला हवं. ओरवेल नीडहॅम याने अमेरिकेत 1854 मध्ये अशा पंपाचं पेटंट घेतलं होतं. पुढे 1920 च्या दशकात विजेवर चालणाऱ्या पंपावर काम करणारा माणूस होता एडवर्ड लास्कर, आणि हे नाव इथल्या बुद्धिबळप्रेमींना ओळखीचं असेल: हा तोच नामांकित बुद्धिबळपटू. त्याचा पंप रुग्णालयांसाठी होता, वेळेआधी जन्मलेल्या आणि चोखण्याचीही ताकद नसलेल्या बाळांसाठी. त्यानंतर स्वीडनमध्ये आयनर एग्नेल हा अभियंता या प्रश्नाकडे वळला. किती दाबाने ओढलं तर दूध येतं आणि इजा होत नाही, याचा त्याने कसून अभ्यास केला. माया नावाच्या परिचारिकेने त्याला बायकांना नेमकं कुठे, काय दुखतं ते सांगितलं, आणि 1956 मध्ये तयार झालेल्या त्या पंपाला त्याने 'सिस्टर माया' हेच नाव दिलं. अभियंत्याने परिचारिकेचं ऐकलं आणि तिचं ऋण यंत्राच्या नावातच नोंदवून ठेवलं, याचा मला फार आदर वाटतो. आपल्याकडेही या विषयाची सुरुवात रुग्णालयातच झाली. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभी केली. कमी वजनाच्या, आजारी बाळांना दुसऱ्या आयांचं तपासून, पाश्चरीकरण करून घेतलेलं दूध तिथे मिळू लागलं. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. दूध काढणं हे काम आहे, त्याला जागा लागते, स्वच्छता लागते, माणूस लागतो, हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. पंप रुग्णालयातून कार्यालयात आला तेव्हा यातलं काहीच त्याच्याबरोबर आलं नाही.

मला चिठ्ठी आली आहे की वीसच मिनिटं उरली. लास्करने बराच वेळ घेतला, आता कायद्याकडे जाऊ. आपल्या 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन जादा विश्रांतीच्या वेळा होत्या. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवडे केली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. कागदावर हे अमेरिकेपेक्षा कितीतरी उजवं आहे. पण कायदा बोलतो बाळाला पाजण्याविषयी, आणि बाळ असतं बदलापूरला, आई असते चर्चगेटला. पाळणाघर नसेल तर त्या दोन वेळांचा तिला एकच उपयोग आहे, दूध काढणं. आणि तो शब्द आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेत याच्या उलट. तिथे देशभर लागू असलेली पगारी बाळंतरजा नाही, 1993 च्या कायद्याने काही जणींना बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते. 2010 च्या कायद्यामुळे तिथल्या बहुतेक आरोग्यविम्यांना पंपाचा खर्च द्यावा लागतो, आणि 2022 च्या कायद्याने दूध काढण्यासाठी वेळ आणि शौचालय सोडून आडोशाची जागा देणं बहुतेक मालकांवर बंधनकारक झालं. म्हणजे तिथे रजा दिली नाही, यंत्र दिलं. ते अनुकरण आपण करावं असं मी मुळीच म्हणत नाही. 26 आठवड्यांच्या रजेला पंप हा पर्याय नाही; ती रजा संपते त्या दिवशी पंपाचं काम सुरू होतं.

आता आक्षेप घेऊ. पहिला असा की कपड्यांत बसणारा पंप असेल तर बाई बैठकीत बसूनही दूध काढू शकते, मग वेगळा वेळ कशाला? जिला तसं करायचं असेल तिने खुशाल करावं, तिला अडवणारे आपण कोण? पण तिची सोय उद्या सगळ्यांवर सक्ती होऊन बसते, ही माझी भीती आहे. एकीने बैठकीत जमवलं की दुसरीला विचारलं जातं, तुला आत जाऊन दार कशाला लावावं लागतं? अमेरिकेच्या कायद्यात एक बारकावा आहे: दूध काढताना बाई कामातून पूर्ण मोकळी नसेल, तर तो वेळ पगारी धरावाच लागतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2000 सालचा 183 क्रमांकाचा करार याहून सरळ आहे. स्तनपानासाठीची विश्रांती हा कामाचाच वेळ, आणि त्याचे पैसे द्यायचे. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही. ती द्यावी.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: हे चोचले नोकरदार, मोठ्या पगाराच्या बायकांचे, ऊसतोडणीला जाणाऱ्या बाईला पंपाचं काय? तिला पंप मिळणार नाही, खरं आहे. पण हाताने दूध काढता येतं, त्याला बॅटरी लागत नाही, आणि काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजता येतं. तिला नाही ती विसावा घ्यायची सोय आणि आडोसा. पंपवालीलाही नेमकं तेच नाही. म्हणून मागणी वेळेची करा, दोघींची एकच होते. एसटी स्थानकांवर आपण हिरकणी कक्ष उभारले, चांगलं झालं. पण 2022 च्या डिसेंबरात आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा कुठे विधानभवनात तशा खोलीची धावपळ झाली. आणि पुढच्या वर्षी मुंबईत तिथल्या कक्षाची दुरवस्था त्यांनाच माध्यमांसमोर मांडावी लागली. कायदे करणाऱ्या घरात ही स्थिती, तर गोदामात काय असेल?

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे. दोन चिठ्ठ्यांना उत्तर देतो आणि थांबतो. एकीत विचारलं आहे, आपल्या उन्हाळ्यात दूध टिकतं का? बाहेर चार तास हे जे सांगतात ते 25 अंशांपर्यंत. एप्रिलमध्ये त्या भरवशावर राहू नका. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या बंद डब्यात चोवीस तास, फ्रिजमध्ये चार दिवस. म्हणजे कार्यालयाच्या फ्रिजमध्ये एक कप्पा हवा, तोही मागा. दुसरी चिठ्ठी आहे कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या एका ताईंची: आम्ही बाराजण आहोत, आम्हाला हे लागू आहे का? ताई, पन्नासांची अट पाळणाघराला आहे, विश्रांतीच्या वेळांना ती नाही. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या दुकानाला सामाजिक सुरक्षा संहितेतल्या मातृत्व लाभाच्या तरतुदी लागू आहेत. रोजच्या सुट्टीखेरीज दोन वेळा, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, त्या तुमच्या आहेत. उद्या मागा, आणि लेखी मागा.