तारेखालचा दोरा

(हीरक महोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



हातांनी तंतुवाद्ये घडवण्याची विद्या हा विषय शाळेच्या व्यासपीठावर काहीसा आडवाटेचा वाटेल, याची मला जाणीव आहे. तरीही तो मी आग्रहाने निवडला, कारण येथे बसलेल्या बहुतेक घरांत कपाटावर एखादी गिटार आहे आणि तिच्यावर धूळ आहे, अशी माझी खात्री आहे. वाढदिवसाला हौसेने घेतलेली ती गिटार तीन महिन्यांत का बाजूला पडली असे विचारले, तर आईवडील सांगतात, 'त्याला गोडीच नाही.' वर्षानुवर्षे वाद्ये दुरुस्त करीत आलेला मनुष्य म्हणून त्या मुलाच्या वतीने मला थोडे बोलायचे आहे.

गिटारच्या बाराव्या पडद्याशी तार पडद्यापासून साधारण दोन ते अडीच मिलिमीटर उंच असावी. कारखान्यातून घाईने निघालेल्या स्वस्त वाद्यात ती पुष्कळदा चार मिलिमीटरांपर्यंत जाते. तेवढी उंच तार दाबताना लहान मुलाची बोटे सोलून निघतात. शिवाय दाबताना तार अधिक ताणली गेल्याने सूर चढतो तो वेगळाच. म्हणजे मूल योग्य जागी बोट ठेवते आणि बेसूर वाजते. त्यात आपली दिल्ली. मे महिन्याच्या कोरड्या झळांत लाकूड आकसते, वाद्याची वरची पाटी बसते आणि तारा पडद्यांवर खरखरू लागतात. श्रावणाच्या दमट हवेत तीच पाटी फुगते आणि तारा पुन्हा वर उचलल्या जातात. जाणत्या कारागिराने मेरूच्या खाचा आणि घोडी कानशीने घासून दिली, तर तासाभरात ही गिटार वाजती होते. पण तसा कारागीर असतो आणि त्याच्याकडे जायचे असते, हेच आपल्या घरांतून विसरले गेले आहे.

या पाटीबद्दल दोन शब्द अधिक सांगतो. सतार-तंबोऱ्यात आपण तिला तबली म्हणतो. वाद्याचा आवाज मुख्यतः तबलीत असतो, हे दाखवून देण्यासाठी स्पेनमधील आंतोनियो दे तोर्रेस या थोर गिटारकाराने १८६२ साली एक गिटार बनवली. तिची तबली चांगल्या लाकडाची होती, पाठ आणि बाजू मात्र चक्क पुठ्ठ्याच्या. ते वाद्य आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. तबली अडीच-तीन मिलिमीटर जाडीची ठेवायची. त्याहून जाड राहिली तर वाद्य मुके, पातळ झाली तर तारांच्या ताणाने खचणारे. नेमके कोठे थांबायचे हे मोजपट्टी सांगत नाही. कारागीर रंधा मारतो, बोटाच्या पेराने तबली ठोकून कानाशी धरतो, पुन्हा रंधा मारतो. मिरजेत आणि माद्रिदमध्ये हे काम एकाच रीतीने चालते.

मिरजेचे नाव निघाले, तेव्हा जरा तेथे थांबू. आपल्यापैकी अनेकांची आजोळे त्या बाजूची आहेत. पण मिरज म्हटले की आपल्याला रेल्वेचे जंक्शन आणि मिशनचे रुग्णालय आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तेथे तलवारींना धार लावणारी, हत्यारे उजळणारी शिकलगार घराणी होती. संस्थानांच्या लढाया संपल्या आणि तलवारीचे काम संपले. त्यांतील फरीदसाहेब शिकलगार यांनी आपला हात तंतुवाद्यांकडे वळवला आणि पुढे त्या घराण्यांचे आडनावच सतारमेकर झाले. इतिहासात हत्यारे मोडून नांगराचे फाळ केल्याच्या कथा आपण ऐकतो. आपल्या मुलखात हत्यारे घडवणाऱ्या हातांनी तंबोरे केले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात यायला हवी होती असे मला वाटते.

या तंबोऱ्याचा जन्म शेतात होतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात, भीमेच्या खोऱ्यात, खास वाद्यांसाठी कडू भोपळ्याचे वेल लावतात. मोठमोठे भोपळे वेलावरच पक्व होतात, वाळवून मिरजेस येतात, भिजवून कापले जातात, बिया-गर काढून पुन्हा वाळवले जातात. मॅंडोलिनची गोल पाठ पाहिली असेल, तर इटलीतील कारागीर लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, एकीला एक चिकटवून ती गोलाई साधतो. पुढे अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सन याने व्हायोलिनप्रमाणे लाकूड कोरून मॅंडोलिन करण्याची पद्धत काढली आणि १८९८ साली तिचे पेटंट घेतले. आपल्याकडे तीच गोलाई वेलीला लागते. अर्थात त्यामुळे भीमेला पूर आला किंवा पाऊस दडी मारून बसला, तर त्या वर्षी मिरजेत भोपळ्याची ओढाताण होते.

भोपळ्याला गळा, गळ्याला दांडी, वर तुणाच्या लाकडाची तबली, खुंट्या, मणी, लाखेचे पॉलिश, हे सारे झाले तरी तंबोरा अजून बोलत नाही. तो बोलतो जवारीने. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण त्याला अतिशय सूक्ष्म उतार दिलेला असतो. छेडलेली तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि तिच्यातून एकामागून एक वरचे स्वयंभू स्वर उमलत जातात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा वा रेशमाचा बारीक दोरा सरकवतात; काही ठिकाणी त्याला 'जीवा' म्हणतात. तो केसभर पुढेमागे झाला की कधी आवाज बंद होतो, कधी नुसता झणझणतो, आणि मधल्या एकाच जागी खुलतो. घोडी पूर्वी सांबरशिंगाची, हस्तिदंताचीही असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनी तो मार्ग बंद झाला, हे योग्यच झाले. आता उंटाचे हाड, शिसव किंवा कृत्रिम साहित्य वापरतात आणि प्रत्येक साहित्याची जवारी निराळ्या हाताने काढावी लागते.

सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली याच घोडीवर शोधनिबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे ज्यांचा निश्चल बिंदू येतो, ते वरचे स्वर ऐकू येऊ नयेत असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम; आणि तंबोऱ्यात मात्र ते ठळक ऐकू येतात, हे त्यांनी दाखवून दिले. लक्षात घ्या, गिटारवर तारेची खरखर हा दोष मानून आम्ही कानशीने तो घालवतो. तंबोऱ्यावर त्याच कानशीने, तितक्याच बारकाईने, ती खरखर पाळीव करून घेतो.

हे कौशल्य मिरजेत एकट्या कारागिरांच्या बळावर वाढले नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तेथे शिष्य घडवले. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब तेथे येऊन राहिले. त्यांना जवारीचे अंग स्वतः ठाऊक होते आणि मनासारखा आवाज येईपर्यंत ते कारागिराला सोडत नसत. १९३७ साली त्यांचे निधन झाले. मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात आजही तेथे गाणे होते. असा ऐकणारा समोर बसला की घडवणाऱ्याला आळस करता येत नाही.

मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर १९०१ साली लाहोरला गेले आणि त्यांनी तेथे गांधर्व महाविद्यालय काढले. त्याच लाहोरात १९२० साली सुरू झालेले रिखीराम यांचे वाद्यांचे दुकान फाळणीनंतर दिल्लीत, कनॉट प्लेसला आले. १९६६ च्या जुलैत बीटल्स दिल्लीत थांबले, तेव्हा ते या दुकानात वाद्ये पाहायला गेले होते. तेव्हा सतार-तंबोरा पाहायला दिल्लीकराला मिरजेपर्यंत जायला हवेच असे नाही. राजीव चौक मेट्रो स्थानकातून बाहेर पडले तरी पुरे.

आता जे सांगायला मी मुख्यतः आलो ते सांगतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन नावाचे रक्षण करते, कानाचे करीत नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग तो मोबाइलमध्ये शिरला. त्याची सोय मी नाकारीत नाही. प्रवासात, एकट्याने रियाज करणाऱ्याला तो उपयोगी आहे. मात्र जे मूल फक्त तोच ऐकत वाढते, त्याला जवारी लागलेली आणि उतरलेली यांतला फरक कळण्याची वेळच येत नाही. पुढे ते गायक झाले तरी कारागिराकडून काय मागायचे हे त्याला ठाऊक नसेल. आणि कोणी मागणाराच नसेल, तर सतारमेकरांच्या मुलाने बापाजवळ दहा वर्षे बसून हा उतार शिकावा कशासाठी? तो नोकरीला लागतो, आणि त्याला बोल लावण्याचा मला अधिकार नाही.

इटलीतील क्रेमोना येथे स्त्रादिवारीची परंपरा क्षीण झाल्यावर १९३८ साली व्हायोलिन घडवण्याची शाळा काढण्यात आली. २०१२ मध्ये युनेस्कोने त्या कलेला वारशाच्या यादीत स्थान दिले. आपण एवढे मोठे काम करू शकणार नाही. परंतु आपल्या शाळेच्या संगीतकक्षासाठी नवी वाद्ये घेण्याचा विचार चालू आहे आणि एक विजेची तंबोरा-पेटी पुरेल असा एक प्रस्ताव आहे, असे मला समजले. माझी विनंती आहे की मिरजेहून दोन तंबोरे मागवावेत, एक काळी एकचा आणि एक काळी चारचा, म्हणजे मुलगे आणि मुली दोघांचीही सोय होईल. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, जवारी काढायला कारागिराला बोलवावे आणि ते काम बंद दाराआड न करता सातवीच्या वर्गासमोर करावे. खर्चाचा आकडा मी मुख्याध्यापकांकडे लेखी दिला आहे. एका तंबोऱ्याचा भार उचलण्याची १९८० च्या दशकातील आमच्या तुकडीची तयारी आहे; दुसऱ्यासाठी येथे बसलेल्यांनी चहाच्या वेळी मला गाठावे.

येथे मी एक जुना मिरजी तंबोरा लावून ठेवला आहे. आधी चारही तारा जशा आहेत तशा ऐका. नंतर मी जोडातल्या एका तारेखालचा दोरा काढून घेईन आणि पुन्हा छेडीन. मागच्या रांगेतल्या मुलांनी पुढे यावे, आणि पंखे दोन मिनिटे बंद करावेत.