औषधाची मात्रा आणि फेरतपासणीचा खर्च
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



आम्ही वैद्यक शास्त्राचे नव्हे, वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. तरीही नेत्रविभागातील एका प्रश्नावर आज बोलणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण तो अखेर हिशेबाचाच प्रश्न आहे.

दीर्घकाळच्या मधुमेहाने डोळ्याच्या दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात, मध्यभागी सूज येते आणि नजर अंधुक होते. ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन डोळ्यात दिल्यास ही सूज लवकर उतरते. औषध स्वस्त आहे, म्हणून अनेक देणगीदार आम्हांस विचारतात, "हेच सर्वांना का देत नाही? आणि मोठ्या मात्रेत का नाही?"

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिले आहे. त्यात ८४० डोळ्यांवर तीन उपचार ताडून पाहिले गेले: लेसर, १ मिलिग्रॅम औषध आणि ४ मिलिग्रॅम औषध. चौथ्या महिन्यात ४ मिलिग्रॅमची सरशी दिसली. वर्षअखेर तिन्ही गट बरोबरीस आले. दोन वर्षांनी लेसर घेतलेल्यांची नजर सरस ठरली. या काळात डोळ्यातील दाब १० मिलिमीटर वा अधिक वाढण्याचे प्रमाण लेसर गटात शेकडा ४, लहान मात्रेत १६ आणि मोठ्या मात्रेत ३३ होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अनुक्रमे शेकडा १३, २३ आणि ५१ डोळ्यांवर करावी लागली. पहिल्या तिमाहीचा नफा पाहून वर्षाचा ताळेबंद मांडू नये, हे आम्ही महाविद्यालयात शिकलो होतो. येथे त्याचा पुन्हा प्रत्यय आला.

वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, त्यामुळे रुग्णास तो कळत नाही. जिवतीच्या डोंगराकडील एक शेतकरी अन्यत्र असे इंजेक्शन घेऊन आले होते. नजर सुधारली, म्हणून ते तपासणीस गेलेच नाहीत. आमच्याकडे आले तेव्हा काचबिंदूने दृष्टीची शीर बरीच सुकली होती. गेलेली ती दृष्टी परत आणता येत नाही. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते, आणि पावसाळ्यात वर्धा नदीच्या पुलावर पाणी चढले की राजुऱ्याहून बल्लारपूरचा रस्ताच बंद होतो.

रक्तवाहिन्यांची गळती रोखणारी दुसऱ्या प्रकारची इंजेक्शने आज सामान्यतः प्रथम दिली जातात. पण ती वारंवार घ्यावी लागतात. स्टेरॉइडचे स्थान संपलेले नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधीच झालेल्यांना, किंवा अन्य औषधांचा गुण न आलेल्यांना ते उपयोगी पडते. कोणाला काय द्यावे, हे नेत्रतज्ज्ञच ठरवतील. आमची विनंती इतकीच, की यापुढे इंजेक्शनासाठी दिलेल्या प्रत्येक देणगीत दाबाच्या फेरतपासण्या आणि रुग्णाचे प्रवासभाडे धरले जावे. त्यामुळे रुग्णांची संख्या अहवालात कमी दिसेल. ती कमी दिसली तरी चालेल.

नातेवाईकांनाही एक विनंती: नजर सुधारली तरी दिलेल्या तारखेस रुग्णास घेऊन या. रक्तातील साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवा आणि वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी करून घ्या.