शिखर आणि परतीची वाट
(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



आज मला गिर्यारोहणावर बोलायला सांगितले आहे. काहींना वाटेल, धानाच्या बांधीत राबणाऱ्या माणसांना हिमालयाचं काय घेणंदेणं? तो पैसेवाल्यांचा शौक! पण मे २०१८ मध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम या पाच जणांनी एव्हरेस्ट सर केले. हे सारे आश्रमशाळेचे आदिवासी विद्यार्थी. त्याआधी २५ मे २०१४ रोजी आजच्या तेलंगणातील शेतमजुराची मुलगी पूर्णा मालावत हिने अवघ्या तेराव्या वर्षी तेच शिखर गाठले. तीही समाजकल्याणच्या निवासी शाळेची.

हे घडले ते प्रशिक्षणामुळे. एव्हरेस्टची उंची सुमारे ८,८४९ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश. श्वासागणिक प्राणवायूही तेवढाच कमी. शरीराला सवय व्हायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून गिर्यारोहक वर चढतात, झोपायला खाली येतात आणि पुन्हा त्याहून वर जातात. घाई केली की डोकं दुखतं, उलट्या होतात. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचून जीवही जातो. तेव्हा पहिला उपाय म्हणजे ताबडतोब खाली उतरणे.

आणखी एक नियम सांगतो. शिखराकडे निघण्याआधीच मागे फिरण्याची वेळ ठरवतात. ती वेळ झाली की शिखर समोर दिसत असले तरी परतायचं. कारण शिखर म्हणजे अर्धीच वाट. उरलेली अर्धी थकलेल्या पायांनी उतरायची असते, आणि कितीतरी अपघात उतरतानाच झालेले आहेत.

चंद्रपूरच्या त्या 'मिशन शौर्य' मोहिमेत दहा विद्यार्थी होते. पाच जण शिखरापर्यंत पोहोचले नाहीत. त्यांना नापास म्हणायचं का? माझ्या मते, नाही. आणि आपल्या घरी काय होतं? पोरगा पोलीस भरतीतून परत आला, पोरगी बारावीत राहिली, की आपण आठ-आठ दिवस नीट बोलत नाही. बंधूंनो, परत आलेलं लेकरू पुन्हा चढू शकतं. त्याला आधी घरात घ्या, जेवू घाला.

दार्जिलिंगला १९५४ पासून आणि उत्तरकाशीला १९६५ पासून गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्था आहेत. उद्या मुलीने शिबिराचा कागद सहीसाठी आणला, तर "पोरीच्या जातीला हे कशाला?" म्हणू नका. कोण शिकवणार, सोबत कोण, सोय काय, हे जरूर विचारा. आणि समाधान झालं, की सही करा.